२६ नोव्हेंबर हा सेवादिन करावा का?

मयूर कॉलनीकर:
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि टँकरचं भांडण मिटल्यावर शेवटचा विषय निघाला, २६ नोव्हेंबरचा. दरवर्षी आम्ही गेटजवळ फ्लेक्स लावतो, संध्याकाळी सातला मेणबत्त्या लावतो, दोन मिनिटं उभे राहतो आणि घरी जातो. यंदा मी म्हटलं, त्या दिवशी सोसायटीने हातांनी काहीतरी करूया. तिसऱ्या मजल्यावरचे काका लगेच म्हणाले, "सुतकाच्या दिवशी कोणी कार्यक्रम करतं का?" मीटिंग तिथेच संपली, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून इथे मांडतोय.

त्या तीन रात्री मी टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. १६६ माणसं गेली. माझी पुतणी त्याच वर्षी जन्मली. तिच्यासाठी २६/११ ही पुस्तकातली तारीख आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही. आपण तिला त्या दिवसाचं दिलं काय, तर एक मेणबत्ती आणि स्टेटसला ठेवायला एक फोटो.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,९७७ माणसं मेली. त्या दिवशी लोकांनी सेवा करावी, या मागणीत आप्त गमावलेली माणसंच पुढे होती. २००९ साली कायद्याने तो दिवस 'सेवा आणि स्मरण दिन' झाला. न्यूयॉर्कमध्ये सकाळी मृतांची नावं एकेक करून वाचतात आणि त्याच दिवशी देशभर लोक गरजूंसाठी अन्नाची पाकिटं भरतात, शाळा रंगवतात. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. पुढच्या काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक तिथे राबले. सरकारने त्याच वर्षी १७ जानेवारी हा आपत्तीनिवारण आणि स्वयंसेवा दिन ठरवला.

आपल्याकडे हे का होऊ नये?

रक्तपेढीतली:
दादा, तुमची तळमळ कळते, पण मी दुसऱ्या बाजूने सांगते. मी पुण्यातल्या एका रक्तपेढीत बारा वर्षं टेक्निशियन आहे. सेवादिन म्हटला की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती रक्तदान शिबिर. २६ नोव्हेंबरला एकेका प्रभागात तीन-तीन शिबिरं असतात. आम्ही सकाळी सहाला खाटा, वजनकाटा, बिस्किटांचे बॉक्स घेऊन निघतो आणि रात्री दहाला परत येतो.

रक्त साठवून ठेवायची वस्तू नाही. प्लेटलेट पाच दिवस टिकतात. लाल पेशी पिशवीत कोणतं द्रावण आहे त्यावर ३५ ते ४२ दिवस. आणि एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने परत देता येत नाही. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी सगळा प्रभाग एकाच दिवशी रक्त देऊन बसला की जानेवारीत मी त्याच लोकांना फोन केला तरी उपयोग नाही. खरी ओढाताण मे महिन्यात होते. कॉलेजं बंद, मुलं गावाला, लोक फिरायला. त्या दिवसांत थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील आमच्या काउंटरला कोपर टेकून उभे असतात. त्या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना तारीख-बिरीख काही नसते.

एका शिबिरात फ्लेक्सवर शहिदांचे फोटो खाली एका ओळीत होते आणि वर आयोजकांचा फोटो त्यांच्या चौपट. रांगेतल्या एका पोराने मला विचारलं, "मॅडम, हे वरचे कोण शहीद?" मला उत्तर देता आलं नाही.

सेवा हवी असेल तर ती गरजेच्या दिवशी हवी. पुण्यतिथीला गर्दी करून ती साधत नाही.

भीमनगर पुणे:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. २६ नोव्हेंबर हा आधीच कशाचा तरी दिवस आहे. १९४९ साली याच तारखेला संविधान सभेने संविधान स्वीकारलं. २०१५ पासून केंद्र सरकारही तो संविधान दिन म्हणून पाळतं, पण आमच्या वस्त्यांमध्ये तो त्याच्या आधीपासून पाळला जातोय. सकाळी आम्ही स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जमतो, उद्देशिका वाचतो. माझ्या आईला वाचता येत नाही, तिला ती तोंडपाठ आहे.

त्यावर आणखी एक सेवादिन ठेवलात तर शाळा काय करतील सांगतो. सकाळी साडेसातला उद्देशिका, पावणेआठला शहिदांना श्रद्धांजली, आठला स्वच्छता, साडेआठला वर्ग. सगळं उरकलं जाईल.

आणि माझ्या मते २६/११ ला या देशाने दिलेलं सर्वात मोठं उत्तर संविधानातूनच आलं. जिवंत सापडलेल्या एकमेव हल्लेखोराला आपण रस्त्यावर मारलं नाही. त्याला वकील दिला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, सगळ्या पायऱ्या झाल्या आणि मग २१ नोव्हेंबर २०१२ ला इथे आपल्या येरवड्यात फाशी झाली. त्या दिवशी मुलांना काही द्यायचंच असेल तर ही गोष्ट नीट समजावून सांगा. झाडू नंतर देता येईल.

मयूर कॉलनीकर:
रक्तपेढीतल्या ताई, तीन-चार महिन्यांचा नियम मला माहीत होता, पण त्याचा असा परिणाम होत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. शिबिराचा विचार मी सोडला.

भीमनगर, येरवड्याची गोष्ट मी पुतणीला सांगणार आहे. पण संविधान दिन आणि हे काम यांत भांडण आहे असं मला वाटत नाही. कलम ५१-अ मध्ये नागरिकांची कर्तव्यं दिली आहेत, मानवतावादाचा विकास करावा हेही त्यात आहे. नुसतं वाचून ते कसं अंगी येणार?

अरण्येश्वर:
मयूर कॉलनीकरांच्या बाजूने. पण मेणबत्ती आणि झाडू दोन्ही बाजूला ठेवा, मी काय म्हणतो ते ऐका.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढ्याला पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत वीस मिनिटांत कमरेएवढं पाणी होतं. त्या पुरात शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली, टांगेवाले कॉलनीत भिंत पडून गेलेली त्यातच. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. दार आतून बंद, बाहेरून पाण्याचा दाब. आम्ही पाच तरणे गडी दाराला खांदे लावत होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही की मीटरबोर्ड पाण्यात चाललाय. मेन स्विच कुठे आहे हे आम्हा पाचांपैकी एकालाही माहीत नव्हतं. दहा वर्षं त्याच बिल्डिंगमध्ये राहत होतो! शेवटी चौथ्या मजल्यावरची एक बाई मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली आली आणि तिने लाकडी काठीने तो पाडला. आजींना खिडकीचं ग्रिल वाकवून काढलं. बाहेर काढल्या तेव्हा श्वास चालत नव्हता. काय करायचं ते कोणाला येत नव्हतं. एकजण पाय चोळत होता, मी नुसता "आजी, आजी" करत होतो.

त्या गेल्या.

नंतर मी शिकलो. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक, कोपरं सरळ, पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बुडालेल्या माणसाला त्याबरोबर तोंडाने श्वासही द्यावा लागतो. शिकायला अर्धा दिवस लागला. तेवढ्याने आजी वाचल्या असत्या का, माहीत नाही. पण मी नुसता हाका मारत बसलो नसतो.

२६/११ च्या रात्री मुंबईत काय झालं आठवा. सीएसटीला विष्णू झेंडे नावाचा उद्घोषक जागेवरून हलला नाही, माईकवरून लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडा ते सांगत राहिला. कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या नर्सने २० गरोदर बायकांना आतल्या सुरक्षित जागी हलवलं. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर हातात नुसती लाठी असताना बंदुकीची नळी धरून ठेवली. झेंडे आणि कुलथेबाई यांना आपलं काम येत होतं म्हणून माणसं वाचली. आपल्याला काय येतं? २६ नोव्हेंबरला प्रत्येक सोसायटीने तीन तास एवढंच शिकावं. मेन स्विच, गॅसचा कॉक, आग विझवायचं सिलिंडर, रक्तस्राव दाबून कसा थांबवायचा, १०८ ला फोन केल्यावर पत्ता कसा सांगायचा.

औसा ते पुणे:
मी मूळचा औसा तालुक्यातला. इथलं सगळं वाचलं, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना विचारलं का?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या आत जमीन हलली. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं झोपेत अंगावर आलं. माझी आजी आणि धाकटी बहीण गेली. मी नऊ वर्षांचा होतो.

त्यानंतर सेवा करायला माणसं लोटली. चांगली होती, वाईट नव्हती. पण रस्त्यावर एवढ्या गाड्या झाल्या की ॲम्ब्युलन्सला वाट मिळेना. जुन्या कपड्यांचे ढीग शेतात टाकले होते, वरून पाऊस, सगळं भिजून कुजलं. आईच्या वाट्याला आलेल्या गाठोड्यातून लग्नातला कोट आणि दोन टाय निघाले. आई तो कोट मांडीवर घेऊन बराच वेळ बसली होती. देणाऱ्याला समाधान मिळालं असेल. आम्हाला त्या दिवशी पातेलं हवं होतं.

खरी सेवा कोणती तेही सांगतो. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. माझ्या वर्गातली तीन त्यात होती. त्यांना वर्षानुवर्षं सांभाळलं, शिकवलं. ते काम एका दिवसात बसणारं नव्हतं.

आई अजून ३० सप्टेंबरला दुपारपर्यंत चूल पेटवत नाही. कोणाशी बोलत नाही. तिच्या दारात त्या दिवशी कोणी टी-शर्ट घालून "सेवादिनानिमित्त" म्हणून आलं तर मी त्याला परत पाठवीन. तो दिवस तिचा आहे. बाकीचे ३६४ दिवस तुमचे, करा की सेवा.

नारायण पेठ:
१२ जुलै १९६१ ला मी सात वर्षांची होते. पानशेत फुटलं, मग खडकवासलं, आणि आमच्या वाड्यात पाणी शिरलं. आम्ही लकडी पुलापासून फार लांब नव्हतो. पाणी ओसरल्यावर चौकात माझ्या छातीएवढा चिखल होता. कुठल्याशा कॉलेजची मुलं घमेली घेऊन आली आणि चार दिवस उपसत होती. वडिलांनी त्यांची नावं विचारली, एकानेही सांगितली नाही.

आज १२ जुलैला पुण्यात काय होतं? पेपरात एक जुना फोटो. लोकमान्यनगर, गोखलेनगर पूरग्रस्तांसाठी वसलं हे तिथे राहणाऱ्या नव्या लोकांना सांगावं लागतं. औशाच्या मुला, तुझ्या आईचा दिवस तिचाच आहे, त्याला कोणी हात लावू नये. पण रडणारी माणसं संपली की दिवसही संपतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वाड्यातली मी शेवटची. म्हणून मला वाटतं, कोणीतरी घमेलं उचलावं.

भीमनगर पुणे:
आजींचं पटतं. अरण्येश्वरचंही. तरी शाळांना सक्ती नको. सक्ती आली की हजेरी येते आणि हजेरी आली की फोटो येतो.

मयूर कॉलनीकर:
सक्तीचं मी बोललोच नव्हतो, पण तुम्ही म्हणता तसं होतं हे खरं आहे.

यंदा आमच्यापुरतं असं ठरवतोय. सकाळी गेटजवळ उद्देशिका वाचायची, मग १६६ नावं. सगळी. त्याला जो वेळ लागेल तो लागू दे. दुपारी हॉलमध्ये तीन तास शिकायचं, अरण्येश्वर म्हणतात तेच. फ्लेक्स नाही, टी-शर्ट नाही, पाहुणे नाहीत. आणि रक्तपेढीच्या ताईंना आज शब्द देतो, आमच्या सोसायटीचं शिबिर मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. काकांना मी स्वतः जाऊन भेटणार आहे. त्यांचा विरोध मला आता मीटिंगमध्ये वाटला त्यापेक्षा जास्त कळतो.

रक्तपेढीतली:
मेमधलं लिहून घेतलं. शिबिर फार मोठं नको, ४० जण आले तरी त्या आठवड्यात पुष्कळ. आदल्या रात्री नीट झोपा, उपाशी येऊ नका.

औसा ते पुणे:
नावं सगळी वाचणार असाल तर माझी हरकत कमी झाली. संपली नाही. मे महिन्यात माझं नाव लिहा, ओ निगेटिव्ह. २६ तारखेला दुपारी मी हॉलमध्ये येणार नाही. सकाळी नावं वाचताना मात्र गेटपाशी असेन.