‘उभं राहता न येणाऱ्यांचा ज्युदो’ म्हणे!

पट्टेवाला: शेजारच्या धाग्यावर एका महाभागानं लिहिलंय, “बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू) म्हणजे उभं राहता न येणाऱ्यांचा ज्युदो.” मूळ एकच, नाकारतंय कोण? कोदोकानचे, म्हणजे ज्युदोच्या मूळ शाळेचे, माएदा १९१४ला ब्राझीलला पोचले, पुढे कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकला. पण नियमांनी वाटा फुटल्या. ज्युदोत पाठीवर दणकून आपटलं की इप्पॉन, म्हणजे थेट विजय, चला घरी. आमच्या बीजेजेत त्याचे २ गुण, आणि खरी झटापट तिथून पुढे. ज्युदोवाले पालथे पडून कासव होतात, पंचाच्या ‘माते’ची (‘थांबा’ची) वाट बघत. आमच्याकडे पाठ दिली की ४ गुण गेले, वर गळाही आवळतात.

गुडघेदुखी: ते महाभाग म्हणजे मीच. २० सेकंद पाठीवर दाबून धरलं की हरतो आम्ही, पालथं नाही पडणार तर काय? तुमच्यात तर सलामी झाली की एक जण बूडच टेकतो! १९५१ची रिओच्या मारकाना स्टेडियममधली लढत विसरलात? आमच्या ज्युदोच्या किमुरांनी कार्लोसच्या भावाला, हेलिओ ग्रेसीला, फेकफेक फेकलं, मग हात मोडला.

पट्टेवाला: मोडला जमिनीवरच ना? त्या पकडीला आम्ही ‘किमुरा’ म्हणतो. हरवणाऱ्याचं नाव दिलं, मोठेपणा बघा.

गुडघेदुखी: ज्युदोत नाव होतंच तिला. उदे-गारामी.

लाल_माती: ते सोडा, पटाचं बोला, पाय धरून पाडण्याचं. ज्युदोत २०१०पासून सरळ पट काढला की बाद, २०१३ला पायाला हात लावणंच बंद. नागे-नो-कातात (फेकींच्या ठरीव प्रात्यक्षिकात) काता-गुरुमा, ती खांद्यावरून फेक, मांडीत हात घालूनच दाखवता, स्पर्धेत केला की गुन्हा! २०१४ला हौसेनं ज्युदो क्लासला गेलो. पहिल्याच दिवशी एकेरी पट काढला, गडी आडवा. सर म्हणाले, “हे चालत नाही.” परत पाय ठेवला नाही.

गुडघेदुखी: पट बंद झाला म्हणून फेक टिकली. नाहीतर सगळे वाकून एकमेकांचे पाय हुंगत बसले असते.

लाल_माती: बाई, जत्रेतली कुस्ती पाहिलीय का कधी?

गुडघेदुखी: बाई कुणाला म्हणता? माहेर कोल्हापूरचं आहे माझं.

पट्टेवाला: पट आमच्याकडे चालतो हो. या.

लाल_माती: येतो. पण पाठ टेकून बसा म्हणू नका. आमच्यात त्याला चीत म्हणतात, आजोबा वरून बघतायत.

गुडघेदुखी: लाख बोललात. पट्टेवाले, गळ्याचं तेवढं मान्य. मागच्या महिन्यात भाच्यानं कासव झाल्या झाल्या आवळला. बीजेजेचा निळा पट्टा, कालचं पोर. त्याआधी दोनदा आपटला होता मी त्याला, हेही लिहून ठेवा.