आंतरजाल, महाजाल की नुसतं नेट?

अमळनेरहून: नववीच्या मुलांना घेऊन इंटरनेटचा इतिहास लिहितेय. त्याला कुणी आंतरजाल म्हणतं, कुणी महाजाल. अर्थाला धरून कोणता शब्द बरोबर? बोलताना तर आपल्याकडे सगळे 'नेट'च म्हणतात.

रावेरहून: ताई, मी आंतरजालाच्या बाजूचा. आपण कपाशीत मूग-उडदाचं आंतरपीक घेतो, त्यातला 'आंतर' म्हणजे ओळींच्या मधला. मुलांना तिथूनच समजवा. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं, ते संगणकांचं एकच जाळं होतं. पुढे रेडिओवर चालणारं, उपग्रहावर चालणारं अशी वेगळी जाळी उभी राहिली आणि त्यांची भाषा एकमेकांना कळेना. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९७४ मध्ये तोडगा मांडला : प्रत्येक जाळं आपल्या जागी राहू द्या, मधल्या देवघेवीचे नियम तेवढे एक करा. १ जानेवारी १९८३ला अर्पानेट त्या नियमांवर, म्हणजे टीसीपी/आयपीवर आलं. सगळी करामत या 'मधल्या'त आहे. महाजाल म्हटलं की एकच अवाढव्य जाळं डोळ्यांपुढे येतं आणि हीच गोष्ट हरवते. वेब, म्हणजे दुव्यांनी जोडलेली पानं, मात्र निराळं. टिम बर्नर्स-ली यांनी ते सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत १९८९ला सुचवलं, इंटरनेट त्याआधीचं.

धुळ्याहून: दादांचं पटलं. पण समाजावर काय परिणाम झाला ते लिहायचं, तर बोलीतले शब्दही वहीत घ्या. भारतात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आपल्याकडे ते आलं 'सायबर' होऊन. 'निकाल पाहायला सायबरवर गेलो', इथे सायबर म्हणजे दुकान! (मूळ ग्रीक शब्द सुकाणू धरणाऱ्याचा.) मग मोबाइल आले आणि अहिराणीत 'रेंज नही शे' रोजचं झालं. आता 'पीकविम्याचं ऑनलाइन झालं का?' असं विचारतात. ऑनलाइन म्हणजे अर्ज भरणं. माझ्या वडिलांना अर्ज स्वतः लिहिता यायचा, ऑनलाइन मात्र दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. हा बदल मला फार मोठा वाटतो.

अमळनेरहून: शीर्षकात आंतरजाल ठेवते. सायबर, रेंज, ऑनलाइन हे शब्द घरात पहिल्यांदा कोण, कशासाठी बोललं ते मुलं आजी-आजोबांना विचारतील. एकाने विचारलंय, 'नेट लावून अभ्यास कर' यातला नेट हाच का?

रावेरहून: नाही. तो आपला जुना मराठी नेट, जोर आणि चिकाटी या अर्थाचा. 'नेटाने' त्यातूनच आला.