रिमोटने बंद केलेलं घर रात्रभर किती वीज खातं? साताऱ्यातलं आमचं मोजमाप

माहुलीकर (सातारा)
गेल्या रविवारी घरात कुणी नव्हतं. पंखे, दिवे, फ्रीज सगळं बंद केलं, इन्व्हर्टरही बाजूला काढला आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय, म्हणजे एका युनिटमागे तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरात काहीच चालू नसताना तो दर ३५ सेकंदांनी लुकलुकत होता. हिशेब केला तर ३२ वॅट. दिवसाला पाऊण युनिट, वर्षाला २८०.

मग एकेक बटण बंद करत गेलो. सेट-टॉप बॉक्स १० वॅट, तोही रिमोटने बंद केलेला! रिमोटने चित्र जातं, डबा मात्र जागाच असतो, हात लावला तर गरम लागतो. वायफायचा राउटर ८. एसीचा स्टॅबिलायझर ७. एसी आम्ही लावतो एप्रिल-मेमध्ये, पण स्टॅबिलायझर बारा महिने घोंघावतोय. उरलेले ७ वॅट टीव्ही, मायक्रोवेव्हचं घड्याळ, संगणक आणि चार्जर मिळून.

झोपताना गॅसचा कॉक बघतो, तशी बोर्डाची बटणंही प्रत्येक घरात बघितली पाहिजेत असं माझं ठाम मत झालंय. कोयनेचा १९६० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या जिल्ह्यातला. त्यासाठी आपल्याच माणसांनी गावं सोडली. ती वीज बंद टीव्हीच्या तांबड्या ठिपक्यात घालवायची?

कृष्णाकाठ (सांगली)
पटलं नाही. राउटर रात्री चालू असतो कारण घरात कुणीतरी तो वापरत असतं, त्याला वाया म्हणू नका. आणि चार्जरचं तर सोडूनच द्या. आताचा मोबाइलचा चार्जर नुसता लावून ठेवला तर वॅटचा दहावा भागही घेत नाही, वर्षाला एक युनिट होत नाही. तेवढ्यासाठी घराघरात पोरांना रोज बोलणी बसतात. त्याच घरात २००० वॅटचा गिझर पंधरा मिनिटं जास्त चालला की अर्धा युनिट गेला, त्यावर कुणी बोलत नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) तीसच्या आसपास. आधी तिकडे बघा.

कोयनेचंही चुकतंय. कोयना मुख्यतः मागणी चढते तेव्हा चालवतात. रात्रभराचा सारखा भार कोळशावर असतो. शिवाय विजेसाठीचं बरंचसं पाणी कृष्णेत न येता पश्चिमेला वाशिष्ठी नदीत उतरतं, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). उन्हाळ्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांना पाणी कधी सुटतं याकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हाला हे सांगावं लागत नाही.

माहुलीकर
कोयनेबद्दल तुमचं बरोबर. पण भार कोळशावर असेल तर गोष्ट आणखी वाईट झाली. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरा. माझ्या एका घराचे हे २८० युनिट म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आसपास.

चार्जरचं मागे घेतो. तिन्ही काढून बघितले, लुकलुकण्यात फरक दिसला नाही. पंख्याचं मात्र मोजा: बीएलडीसी पंखा दहा तास चालवून जुन्याच्या मानाने दिवसाला ०.४५ युनिट वाचतात, आणि त्याला अडीच-तीन हजार घालावे लागतात. बटणाला काही पडत नाही. राउटर चालू ठेवला तरी माझे महिन्याला १५ युनिट वाचतील. आमचा वापर ११५ च्या आसपास असतो, म्हणजे हे युनिट शंभराच्या वरचे, महागड्या टप्प्यातले. (१०१वा युनिट पडला की सगळं बिल वरच्या दराने लागतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही, फक्त वरच्या युनिटांना तो दर लागतो.)

सूनबाई (सांगली)
तुम्ही दोघं वॅट मोजताय. बटण कोण बंद करणार ते कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे टीव्हीचं बटण शोकेसच्या मागे आहे. सासरे ८२ वर्षांचे, पहाटे साडेपाचला कीर्तन लावतात. डबा बटणावरून बंद असला तर चालू व्हायला पाच मिनिटं जातात, पडद्यावर सिग्नल नाही असं येतं आणि ते घाबरून वायरी ओढतात. मग उठायचं कुणी? "झोपताना बोर्ड बघायचा" म्हणजे जी बाई सगळ्यांत शेवटी झोपते तिच्यावर आणखी एक काम. कॉकही तीच बघते.

वायरमन (मिरज)
वीस वर्षं घरांची फिटिंग करतोय, म्हणून लिहितो. रोज पिन काढू-घालू नका. सॉकेट सैल होतं, ठिणगी पडते. बटणानेच बंद करा. ताई, शोकेसमागचं बटण हाताच्या उंचीवर आणता येतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जुने जड, चौकोनी अडॅप्टर हाताला कोमट लागतात, ते खातात. हलके चार्जर नाही. एसीच्या स्टॅबिलायझरचा एमसीबी (बोर्डातला खटका) जूनमध्ये पाडायचा, मार्चमध्ये उचलायचा. इन्व्हर्टर मात्र बंद ठेवू नका, बॅटरी मरते.

आणि आपल्याकडे वळीव कडाडायला लागला की नुसतं बटण पुरत नाही. आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच टीव्हीची पिन काढा, डिशची वायरही काढा. दर मे महिन्यात जळालेले डबे बघतो, म्हणून सांगतो.

अजिंक्यतारा
सूनबाईंशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जातो. ही जबाबदारी घरावर टाकायचीच कशाला? बंद उपकरणाने एक वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, हा आग्रह आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्येच धरला होता. युरोपात २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. नव्या टीव्हीचा आकडा त्यामुळेच खाली आला, कुणी बटणं दाबली म्हणून नाही. सेट-टॉप बॉक्स तर आपण निवडतही नाही, जोडणी देणारा जो देईल तो घ्यायचा. दहा वॅट खाणारा डबा विकूच नये, अशी मागणी लावून धरायला हवी.

माहुलीकर
मागणी जरूर करू. पण आज भिंतीवर आहे तो डबा आणखी पाच-सात वर्षं तिथेच राहणार, तोवर बटण आहे. सूनबाई, तुमचं लागलं मला. आमच्याकडेही कॉक बायकोच बघते. यापुढे बोर्ड आणि कॉक दोन्ही माझ्याकडे.

सूनबाई
आमच्या मीटरवर ३२०० नाही, १६०० लिहिलंय. मग हिशेब कसा करायचा?

माहुलीकर
२२५० ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. ३२०० च्या मीटरला ११२५. फ्रीज आधी बंद करा, नाहीतर मध्येच कॉम्प्रेसर लागतो आणि आकडा फसवतो. एका लुकलुकीवर जाऊ नका, पाच-सहा मोजून सरासरी घ्या.