मदत हवी आहे: डोकं लावायला लावणारे आरपीजी सुचवा

मंडळी, जरा मदत करा. वेस्टर्न आरपीजी (म्हणजे पाश्चात्य रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपण आपलं कॅरेक्टर घडवत खेळतो) हळूहळू नुसते अ‍ॅक्शन गेम होत चाललेत असं मला तरी वाटतंय. एल्डर स्क्रोल्स मालिकेचंच बघा, मॉरोविंडमध्ये (२००२) २७ स्किल्स होती, ऑब्लिव्हियनमध्ये २१ उरली आणि स्कायरिममध्ये (२०११) १८, वर स्ट्रेंग्थ-इंटेलिजन्स वगैरे अ‍ॅट्रिब्यूट्स गायब आणि स्वतःचे स्पेल (जादूचे मंत्र) बनवायची सोयही गेली. फॉलआउट ४ मध्ये तर स्किल पॉइंट्सच काढून टाकले. आता फक्त आकडा कमी झाला म्हणून तक्रार नाहीये, पण कॅरेक्टर बनवताना एक गोष्ट घेतली की दुसरी सोडावीच लागते आणि त्याचा परिणाम शेवटपर्यंत जाणवतो, मला तीच मजा हवी असते हो! एकच कॅरेक्टर सगळंच करू शकत असेल तर निवडायचं तरी काय?

बाल्डर्स गेट ३ आणि डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ खेळून झालेत, दोन्ही जबरदस्त. अजून काय खेळू? टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल करायची) असेल तर उत्तम, अवघड असला तरी चालेल. आणि पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइचस कोणी खेळलंय का, तो ज्या टेबलटॉप (टेबलाभोवती बसून खेळायच्या) खेळावर बेतलाय त्याचे नियम माहीत नसताना जमेल का, आणि पहिल्यांदा कुठला क्लास (योद्धा, जादूगार असा कॅरेक्टरचा प्रकार) घ्यावा?