मदत हवी आहे: ड्रायव्हरचा वैयक्तिक प्रायोजक आणि संघाचा करार
भाचा कार्टिंगमधून (छोट्या गाड्यांच्या शर्यतींतून) फॉर्म्युला ४ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला गाड्यांच्या सुरुवातीच्या पायरीवर, जातोय. एक कंपनी त्याला वैयक्तिक प्रायोजकत्व द्यायला तयार आहे. हेल्मेट आणि टोपीवरची जागा ड्रायव्हरची असते की संघाची? फॉर्म्युला वनचा विजेता ड्रायव्हर निकी लाउडाच्या लाल टोपीवर वर्षानुवर्षे त्याचा स्वतःचा प्रायोजक झळकायचा, म्हणजे तशी मुभा मिळवता येते. पण उद्या संघाने याच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याशी करार केला तर?

खरी धास्ती वेगळीच आहे. फॉर्म्युला वन ड्रायव्हर पास्टर माल्डोनाडोने २०१२ ची स्पॅनिश ग्रांप्री जिंकली, तरी त्याची प्रायोजक असलेल्या पीडीव्हीएसए या व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा आटल्यावर २०१६ च्या हंगामाआधी त्याची संघातली सीट गेलीच. पोरगा मनापासून मेहनत घेतोय, त्याचं असं होऊ नये. असे करार पाहिलेल्यांनी कृपया सांगा, मुदत किती ठेवावी? पैसे मध्येच थांबले तर हंगाम वाचवणारी अट कशी घालतात?