अंगदुखीच्या गोळीचा खरा कारखाना कसा ओळखायचा?

पूर्णाकाठ (परभणी):
मेडिकलवर अन् किराणा दुकानातही पॅरासिटामॉलच्या दोन-चार गोळ्या कापून देतात. तुकड्यावर कधी नुसतं नावच येतं. शिवाय एकाच ब्रँडच्या दोन पट्ट्यांवर कारखान्याचे पत्ते वेगळे दिसले. गोळी मग कोणाची म्हणायची?

मांजराकाठ (लातूर):
मोठ्या अक्षरातलं नाव ब्रँडचं. डोलो बंगळुरूच्या मायक्रो लॅब्जची, कालपोल ग्लॅक्सोची, क्रोसिन हॅलिऑनची. पण गोळी बनवली कुठं, हे बारीक अक्षरातल्या 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' पुढं वाचायचं. तिथंच कारखान्याचा पत्ता असतो अन् जवळच उत्पादन परवाना नंबर. 'मार्केटेड बाय' म्हणजे फक्त विकणारा.

दोन पत्ते दिसले म्हणून माल नकली ठरत नाही. कंपन्या बद्दी, हरिद्वार, सिक्कीमच्या कारखान्यांकडून माल करून घेतात, त्यामुळं बॅच बदलली की पत्ताही बदलू शकतो. 1 मार्च 2021 पासून नुसतं विकणारी कंपनीही दर्जाला जबाबदार आहे, त्यामुळं दोन्ही नावं टिपून ठेवा.

पूर्णाकाठ:
पण तुकड्यावर पत्ताच नसला तर? क्यूआर कोड चालंल का?

दुधनाकाठ (जालना):
ठरावीक 300 ब्रँडना 1 ऑगस्ट 2023 नंतरच्या उत्पादनावर कोड सक्तीचा आहे. त्यात उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच अन् परवाना नंबर असतो. चकचकीत फॉइलवर उजेड परततो म्हणून मोबाईल तिरका धरा. पट्टीवर जागा नसली तर कोड बाहेरच्या खोक्यावर असतो, म्हणजे सुट्या गोळीसोबत तो येतच नाही. अन् कोड उघडला म्हणजे माल खरा, असं समजू नका. छापलेला कोड कोणीही उतरवून घेईल. त्यातली बॅच पट्टीवरच्या बॅचशी जुळते का ते बघा.

मांजराकाठ:
कापतानाच सांगा, बॅच अन् एक्सपायरी छापलेलं टोक शाबूत ठेवा. किंवा अख्ख्या पट्टीचा फोटो आधी काढा. पक्कं बिल मागा, पण बिलावर 'कंपनी'खाली जे लिहिलेलं असतं ते बहुतेक मार्केटिंगवाल्याचं नाव असतं, कारखान्याचं नव्हे.

किराण्याचं म्हणाल, तर परवान्याशिवाय साध्या गोळ्या विकायची सूट फक्त हजारापर्यंत वस्तीच्या गावाला आहे. तीही न फोडलेल्या मूळ पॅकसाठी. म्हणजे तिथं कापून देणं मुळातच नियमात बसत नाही.

दुधनाकाठ:
शंका असली तर उरलेली पट्टी अन् बिल घेऊन एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) औषध निरीक्षकाकडं जा. माल कोणाकडून घेतला ते दुकानदाराला त्यांना सांगावंच लागतं, तिथून साखळी कारखान्यापर्यंत जाते. स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर औषध कायद्याच्या कलम 26 खाली नमुना 14-अ भरून, फी देऊन सरकारी विश्लेषकाकडं गोळ्या देता येतात. न उघडलेली पट्टी असली तर तीच द्या.