बोधचिन्हासाठी आधी पांडवलेणी पाहावीत

वस्त्रदान चळवळीच्या बोधचिन्हासाठी लाल फुली (रेड क्रॉस) आणि ओंजळ असे दोन पर्याय सुचवले गेले आहेत. त्यांपैकी लाल फुलीचा विचार सोडावा, कारण भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यामुळे ती परवानगीशिवाय वापरता येत नाही. ओंजळ चालेल, पण ती प्रत्येक दुसऱ्या संस्थेच्या पत्रकावर असते.

त्यापेक्षा आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळावे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख असून, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवून त्यांच्या व्याजातून वर्षावासातील (पावसाळ्यातील मुक्कामाच्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, अशी तरतूद त्यात कोरलेली आहे. वस्त्रदानाला इतका नेमका स्थानिक आधार मिळत असताना इंटरनेटवरची तयार चित्रे कशाला शोधायची?

त्या शिलालेखातील ब्राह्मी अक्षरांच्या साध्या, सरळ रेषा उभ्या-आडव्या धाग्यांच्या विणीत सहज बसतील. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात खांद्यावर भार पेलणारे यक्षही आहेत. मात्र ते बारकाव्यांचे काम असल्याने मोठ्या फलकापुरतेच ठेवावे. पावतीवरच्या शिक्क्यासाठी एकरंगी अक्षरच बरे.